उजवी कड

लिएपायात दर गुरुवारी संध्याकाळी
वाचनालयाच्या तळघरात आम्ही सात-आठ जण जमतो.
चहाचे पैसे बशीत टाकायचे.
ती नाणी कुणी बघत नाही.

इल्गवार्स बंदरात क्रेन चालवायचा, चाळीस वर्षं.
जहाजं भरून लाकूड उचललेल्या त्याच बोटांत
आता दहापट दाखवणारं भिंग
आणि रोखून धरलेला श्वास.
नवा कुणी आला की आधी दटावणार :
नाणं कडेने धरायचं. तोंडाला बोट लावायचं नाही.
आणि धुवायचं तर मुळीच नाही.
घासूनपुसून लखलखीत केलेलं नाणं म्हणजे
म्हाताऱ्यानं केस रंगवून मुलगी बघायला जाणं.

मी वही लिहितो. साल, धातू, वजन, दर्जा.
दर्जाचा रकाना अरुंद;
उत्तम, बरं, झिजलेलं, एवढंच मावतं त्यात.
एका तिरप्या आकड्यावरून
यूरिस आणि वाल्फ्रीड्स सबंध हिवाळा बोलत नव्हते.
वाल्फ्रीड्स गेला तेव्हा यूरिस ते नाणं घेऊन
दफनभूमीत गेला
आणि घेऊनच परत आला.

स्काइद्रीते आली फेब्रुवारीत.
पंच्याहत्तरी कधीच उलटलेली, बुटांवरचं बर्फ
आमच्या फरशीवर वितळत होतं.
कोटाच्या अस्तरातून काढून
तिनं हिरव्या बनातीवर ठेवले
चांदीचे पाच लाट्स.
कणसं खोवलेल्या मुलीचा मुखवटा,
गाल पार सपाट.

इल्गवार्सनं ते उलटं केलं.
मागे डाकाचा गोळा, काळा पडलेला.
"कुणीतरी याचा ब्रोच केला होता. पिन तुटलीय.
याला दर्जाच देता येत नाही, बाई."
ती म्हणाली, "किंमत नाही विचारत मी."

मग तो बराच वेळ बघत राहिला.
इतका, की कुणीतरी किटली पुन्हा लावली.

"बाजारात झिजलेलं नाणं सगळीकडून झिजतं," तो म्हणाला,
भिंग न काढताच.
"आधी कपाळ, मग केस, मग कणसं.
याचे केस बघा, वेणीची पेडं मोजता येतात.
फक्त गाल गेलाय. तोही तिरका.
मागचा गोळा बोटांना अंधारातही सापडत असणार,
म्हणून अंगठा दरवेळी गालावरच.
खिशात. वर्षानुवर्षं.
आणि अंगठा डावा."
त्यानं पहिल्यांदा मान वर केली.
"डावखुरं होतं का कुणी घरात?"

"नाही," स्काइद्रीते म्हणाली.
"आई उजव्या हाताचीच.
तिकडे पूर्वेला, पावाच्या रांगेत
तिच्या उजव्या कडेवर मी असायचे."

किटली वाजायला लागली होती, तरी कुणी उठलं नाही.

माझ्या घरी एक आहे, बत्तीस सालचं,
प्लास्टिकच्या डबीत बंद.
टांकसाळीतून निघाल्यापासून
त्याला माणसाचा हात लागलेला नाही.
गालावर अजून सकाळ आहे त्या मुलीच्या.
त्यावर मी दोन पगार घातले होते.
बायको म्हणाली होती, याचा पाव येईल का?
तेव्हा मी हसलो होतो.

इल्गवार्सनं तिला पारदर्शक पाकीट दिलं,
हवा लागू नये म्हणून.
तिनं आभार मानले, नाणं उचललं.
कडेने नाही. सरळ मुठीत.
अस्तराच्या फाटक्या टोकातून ते आत सरकवलं
आणि जिना चढून गेली, कठड्याला धरून.
पाकीट टेबलावरच राहिलं.

मी वही ओढली. साल लिहिलं, धातू लिहिला,
वजन पंचविसाला थोडं कमी.
दर्जाच्या रकान्यात पेन टेकवून बसलो,
शाईचा एक ठिपका पसरेपर्यंत.
इल्गवार्स म्हणाला, "राहू दे तसंच."
मग बशीतले चहाचे पैसे मोजायला घेतले त्यानं,
आणि एकेक नाणं
दिव्याखाली धरून बघू लागला.