खडूची खूण

"अंगात कुठं लोखंड आहे का, काका?"
इर्शाद विचारतो, फॉर्मवर पेन टेकवून.
स्क्रू, प्लेट, पेसमेकर, छर्रा?
चौतीस वर्षं उद्यमनगरात काढली पोरा,
लोखंड कुठं नाही ते विचार.

तो हसत नाही.
डोळ्यात कधी कण गेलेला?
गेलेला. एकोणनव्वदच्या चैत्रात, ग्राइंडरवर, डाव्या डोळ्यात.
महिपतीनं रुमालाच्या टोकानं काढला
आणि म्हणाला, निघाला बघ.
सगळा निघाला का?
ते महिपतीला माहीत, आणि महिपती गेला.

म्हणून आधी डोळ्याचा एक्स-रे.
प्रोस्टेटसाठी आलेला माणूस
राजारामपुरीत डोळा दाखवत बसलाय.
बाहेर बाकावर शालन, मांडीवर पिशवी,
पिशवीत गेल्या वर्षीची फाईल
आणि राजगिऱ्याचे दोन लाडू.

गेल्या वर्षी डॉक्टर मगदूम म्हणाले होते,
आहे, पण सुस्त आहे.
सहा मिलिमीटर. घनसाळाचा एक दाणा म्हणा.
कापायचं नाही, जाळायचं नाही,
नजर ठेवायची.
सहा महिन्याला रक्त, वर्षाला हे मशीन.
कॅन्सर हा शब्द त्यांनी एकदाच उच्चारला,
शालननं घरी पोचेपर्यंत शंभरदा.

काढून टाका की एकदाचं, ती म्हणाली.
मेव्हणा म्हणाला, कॅन्सर म्हणताय आणि गोळीबी नाही?
कसला डॉक्टर म्हणायचा ह्यो!
पुण्याहून पोरगं फोनवर हं हं करत राहिलं,
मागं कीबोर्ड वाजत होता.

टेबल आत सरकतं. हातात रबरी फुगा,
घाबरलात तर दाबा.
मग सुरू होतं ठक ठक ठक, घर्रर्र, ठक,
साच्याची वाळू झाडणारं आमचं शेकआउट, अगदी तेच.
मला झोपच यायला लागली.
पण त्या आवाजात तो पंपाचा बॉडी वर आला.

तपासणीला होतो मी.
हातोडीची टिचकी, मग कान,
शंका येईल तिथं खडूनं गोल.
बारकं छिद्र असलं तरी पास करायचो,
जिथं दाब येत नाही तिथलं छिद्र
मशीनच्या जन्मात कुणाच्या नजरेला पडत नाही.
त्या दिवशी मात्र डोक्यात किडा.
फोडा, म्हणालो.
दोघांनी घण घातला.
आत दाणा करडा, बारीक, एकसारखा.
एक बुडबुडा नाही.
मालक काही बोलले नाहीत. तुकडे परत भट्टीत गेले,
चार दिवसांत नवा बॉडी ओतला.

मला परत कोण ओतणार?

गुरुवारी रिपोर्ट.
मगदूम साहेब दोन फोटो शेजारी शेजारी लावतात,
करड्या ढगात करडा ठिपका, गेल्या सालचा, या सालचा.
मला दिसत काही नाही, मान मात्र हलवतो.
सहा. सहाच.
आहे तसं आहे, म्हणतात.
शालन विचारते, म्हणजे बरं का वाईट?
म्हणजे पुढच्या वर्षी परत या.

रिक्षात ती गप्प.
शुक्रवार पेठेत जन्मलेली बाई, तिला मी काय सांगू?
जुलैत आख्खी पेठ हेच करते की,
राजाराम बंधाऱ्याला किती फूट?
अडतीस म्हटलं की जेवून घ्यायचं,
एकेचाळीस म्हटलं की गहू माडीवर.
नदी काय कुणी कापून टाकत नाही.
हे मी मोठ्यानं बोललो बहुतेक,
कारण रिक्षावाला म्हणाला, आता कुठलं पाणी काका, मार्च हाय.

रात्री उठतो.
दिवा न लावता, भिंतीला हात लावत जातो,
परत येतो, पांघरूण ओढतो.
अंधारात शालन, तोंड भिंतीकडं,
"दुसऱ्यांदा न्हवं?"
दुसऱ्यांदा.
"काल तीनदा उठला हुता."