अठरा फूट

गंगापूर धरणाकडच्या द्राक्षमळ्यात
काल पहिल्यांदाच पायात वायर नव्हती.
पट्ट्याला काड्यापेटीएवढी डबी, हिरवा दिवा,
आणि मी वाजवत वाजवत चालत गेलो
वेलींच्या चौथ्या ओळीपर्यंत.
तिथून ऐकलं स्वतःला.
जरा जास्तच स्वच्छ वाटलो.

शरणपूरचा इमॅन्युएल म्हणतो,
वायर लांब असली की ट्रेबल खाते थोडी.
म्हणजे इतकी वर्षं माझी धार
तीच बोथट करत होती, न सांगता,
आणि लोक म्हणायचे, काय गोड हात आहे!

मग केक आला. तीनशे मोबाइल वर झाले
आणि बरोब्बर सोलोच्या टोकावर
डबी मुकी.
तारा हलतायत, बोटं आपल्या जागी,
आवाज कुठे गेला कोण जाणे.

इमॅन्युएलनं ड्रमच्या पेटीतून जुनी काढली,
त्याच्या सातपूरच्या मेव्हण्यानं डाग दिलेली,
तोच तो, मोटर वाइंडिंगवाला.
खुपसली.
आधी घरघर,
मग मी.

आज डबी चार्जिंगला लावलीय.
वायर गुंडाळतोय,
एक वेढा सुलट, एक उलट,
पीळ पडू नये म्हणून.