भूल चढली नाही

करोंगा. रात्रीचे पावणेतीन.
दिव्याभोवती सरोवरावरच्या चिलटांचा ढग,
सिस्टर म्सुकवा ट्रॉली पुन्हा पुसते.

टेम्वाच्या पाठीत सुई गेली, पाणी आलं,
नितळ, थेंब थेंब, पुस्तकात असतं तसं.
औषध दिलं. आडवी केली, डावीकडे जरा कलती.

स्पिरिटचा बोळा मांडीवर. गार?
नाही.
पोटावर, उजवीकडे?
नाही.
डावीकडे
ती म्हणाली, पहाटेच्या सरोवरासारखं.

डॉक्टर म्वेनिफुम्बो हातमोजे चढवून उभे.
"होईल, दोन मिनिटं दे."
दोन दिली. मग आणखी पाच.
चिमट्यानं कातडी धरली
आणि तिच्या डाव्या पायाचा अंगठा हलला.
ती ओरडली नाही. तेच वाईट.

गेल्या वर्षी एक होती.
नाव विसरलेलो नाही, सांगणार नाही.
तिला मी म्हणत राहिलो, दुखत नाहीये, नुसता दाब आहे,
दाब आहे, दाब आहे,
आणि ती माझ्याकडे बघत राहिली
बाळ निघेपर्यंत, शेवटचा टाका पडेपर्यंत.
ती भूल नव्हती. भूलथाप होती.

"थांबा," मी म्हणालो.
एवढा साधा शब्द,
घशाबाहेर काढायला बारा वर्षांची नोकरी लागली.

बाळाचे ठोके एकशे चाळीस. म्हणजे वेळ आहे.
नसता, तर झोपवून नळी घातली असती,
आत्ताही नळी उशाशी तयार आहे.
"टेम्वा, उठून बस. तुझी चूक नाही.
औषध एकाच कुशीवर झोपलंय."

दुसरी सुई. औषध कमी,
कारण पहिलं आत आहेच कुठंतरी,
फार वर चढलं तर आधी हात जातील, मग श्वास.
"माझी दोन बोटं धर. आवळ. बोलत राहा."
"काय बोलू?"
"काहीही."
ती वाळलेल्या उसिपाचे भाव सांगू लागली,
बादलीमागं किती, पावसाळ्यात किती,
कोणता व्यापारी मापात मारतो.

मधेच म्हणाली, चिमटा कधी लावणार?
लावून झाला होता.

मुलगी. तीन वाजून चौतीस मिनिटं.
रडली उशिरा, पण रडली.

रजिस्टरात कारणाचा रकाना बोटभर रुंद.
आमच्याकडे तिथं लिहायची रीत: रुग्ण घाबरट.
मी लिहिलं: भूल चढली नाही. बाई खरं सांगत होती.
उजव्या हाताची दोन बोटं अजून ठणकतायत,
अक्षर वाकडं आलंय.