जोडी

जालन्यात, रेल्वे फाटकापलीकडं
यासीनमामूच्या भंगारात दोन स्पीकर:
रांजणासारखे गोल, तीन पायांवर,
कंपनीचं नाव कुणी खरवडलेलं.
"जोडी है. साडेतीन हजार."

फोमला बोट लावलं की भुकटी.
भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून
तारांना टेकवला.
डावा म्हणाला, ठक्.
उजवा काहीच नाही.

घासाघीस करायला तोंड उघडलं
तर उजव्याच्या मागच्या भोकात
कुंभारीण माशीचं घर,
माती अजून ओली.

कान लावला.
आत बारीक गुणगुण,
गोलाईत घुमून जाड झालेली.
मामू म्हणाला, "क्या सुन रै इत्ती देर से?"

दोन हजार मोजले.
बाकीचे, माशी गेल्यावर.
तोवर सेल घड्याळात परत,
वेळ मात्र कुणीच लावली नाही.