अर्धा वाटाणा

मकरपुरा जीआयडीसी, तिसरी गल्ली.
दुपारी एकला लेथ थांबतात
तेव्हा वत्सला सुर्वे स्कूटरवरून उतरल्या
आणि पिशवीतून मेथीची जुडी काढावी
तसा काढला भंगारातला कपलर.
"तीनशेला मिळाला. एवढा बसवून द्या."

सेव-उसळीचा गाडा त्यांचा,
एकवीस वर्षं हातानं ढकललेला.
आता त्याला स्कूटरची नाही, मोटारीची चाकं,
वर पत्र्याचं छत,
आणि ओढायला दिराची बोलेरो, जिच्या मागे
कुणीतरी कधीतरी एक गोळा जोडून ठेवलेला.

गोळ्याला कॅलिपर लावला : साडेसत्तेचाळीस.
कपलरची वाटी, गंज खरवडून : साडेपन्नास.
ठेवला वर. बसला. खटका पडला.
दीर म्हणाले, "चालशे."

चालशे.
हा शब्द मी मराठीतही पुष्कळ वापरलाय.
बिपिनभाई मंडपवाल्यांच्या जनरेटरला
असाच म्हणालो होतो, चालेल.
लालबाग पुलाच्या उतारावर
जीप थांबली सिग्नलला
आणि जनरेटर तिच्या शेजारून पुढे गेला,
पानाच्या गल्ल्यापर्यंत, एकटाच.
कुणाला लागलं नाही.
बिपिनभाई अजून हसून सांगतात ती गोष्ट.
मला अजून हसता येत नाही.

"तीन मिलिमीटर कमी आहे," मी म्हटलं.
"तीन म्हणजे किती?"
टेबलावर दाखवायला काही नव्हतं.
"अर्धा वाटाणा. कोरडा."
त्यांनी कपलरकडे पाहिलं, मग बोलेरोकडे,
मग रस्त्याकडे.
"भिजला की दुप्पट होतो," म्हणाल्या,
आणि पुढचं मला समजवावं लागलं नाही.

मग नवीन काढला, पन्नासचा,
गोळाही पन्नासचा, एकाच खोक्यातून.
ठोकलेला आकडा त्यांना बोटानं वाचायला लावला :
सातशे पन्नास किलो.
तुमचा गाडा भरून किती?
दोन सिलिंडर, शेगडी, वाटाण्याची हंडी,
तर्रीचं पातेलं, पाण्याचा ड्रम...
हातानं ढकलणाऱ्याला वजन आकड्यात माहीत नसतं,
खांद्यात असतं.

दोन विटांवर घरचा वजनकाटा ठेवून
गाड्याचं नाक त्यावर टेकवलं.
चारशेच्या गाड्याला नाकावर चाळीस तरी हवेत.
काटा अठरावर.
असा गाडा शेपूट हलवतो, आधी थोडं,
मग गाडीलाच हलवतो.
"ड्रम पुढे घ्या. आसाच्या पुढे."

"ड्रम मागेच असतो."
"का?"
"ते तिथे बसायचे. बशा विसळायला."

निरंजन, माझा पोऱ्या, ग्राइंडर घेऊन उभा होता.
त्यानं तो चालू केला नाही.
दीर मोबाईल बघत राहिले.
मी कपलरवरचं ग्रीस पुसलं,
जे पुसायचं नसतं.

मग त्यांनीच पदर खोचला
आणि ड्रम सरकवला, रिकामाच होता तो,
पण दोन्ही हातांनी, भरलेला असल्यासारखा.
भरून पाहिला. एकेचाळीस.

साखळ्या शेवटी. सरळ नाही, फुलीसारख्या,
नाकाच्या खालून.
जोड सुटलाच कधी
तर नाक रस्त्यात घुसत नाही,
साखळ्यांच्या ओटीत पडतं.
"सुटतो का पण?"
"सुटू नये म्हणून एवढं केलं.
सुटेल म्हणून हे."

गोळ्यावर घालायला जुना टेनिसचा चेंडू कापून दिला.
त्याचे पैसे नाही घेतले.
तीनशेवाला कपलर त्यांनी परत नेला,
सेवेच्या डब्याच्या झाकणावर ठेवीन म्हणाल्या,
वारा असतो संध्याकाळी.

गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आहे,
आमच्याच लोकांनी ओतलेला, बेढब.
बोलेरो चढली, उतरली.
मग गाडा चढला.
मी कान देऊन उभा.

हंडीचं झाकण वाजलं.
तेवढंच.