हुक कुठल्या बाजूला

खडेबाजारच्या बोळात माझं फ्रेमचं दुकान.
गेलेल्यांचे फोटो, लग्नातले, यल्लम्मा, बसवण्णा.
कुणाचं डोकं कुठं
हे आजवर विचारावं लागलं नाही.

हुक्केरी बाई शाळेसाठी घेऊन आल्या ते चित्र:
खाली राखेचं रान, खड्डेच खड्डे,
वर नुसता काळोख,
आणि काळोखात निळी, अर्धीच,
कुणी चावून ठेवल्यागत पृथ्वी.
"चंद्राकडनं काढलाय," म्हणाल्या.

काच पुसली. पट्टी कापली.
पालथं घालून हुक ठोकायला गेलो
आणि हात थांबला.
"बाई, वरची बाजू कुठली?"
त्यांनी चष्मा काढला, परत घातला.
"तिथं तशी नसतीय की."

मग दोघंही फिरवत बसलो.
आडवं धरलं: चंद्राची भिंत झाली,
पृथ्वी तिच्याशेजारी, उन्हाला उभी.
उलटं धरलं: राखेचं आभाळ,
आणि तळाला, विहिरीत सुटलेल्या घागरीसारखे
आपण सगळे.
भरमा चहा घेऊन आला.
"ह्यात आमचं कडोली कुठं?"
मी एका ढगावर बोट ठेवलं.
ठसा ढगाहून मोठा उमटला,
बाहीनं पुसला.
चहा निवून गेला.

शेवटी चारी बाजूंना हुक मारले.
"तीन हुकांचे जास्त होतील," मी म्हणालो.
बाई हसल्या: "मुंदिन तिंगळ देते."
त्यांच्यात महिन्यालाही चंद्रच म्हणतात.

वहीत लिहून ठेवलंय:
पृथ्वी, एक नग.
बाकी, पुढच्या चंद्राला.