अकरा-दहाची फेरी

बेतीच्या कचेरीत, दुसऱ्या मजल्यावर,
मांडवीला ओल नसते.
तिथं ती एक रेघ असते पडद्यावरची,
फेऱ्यांच्या वेळांनी टाचलेली,
आणि प्रत्येक टाचणीखाली जमा रक्कम.

जुनं गोवं ते दिवाडी, रात्री अकरा-दहा : शून्य.
सोमवार शून्य. मंगळवार शून्य.
शनिवारी दहा रुपये, कुणाची तरी मोटार.
डिझेल मात्र रोज तेवढंच.
नव्वद रात्रींचे तांबडे ठिपके,
तक्त्याला गोवर उठल्यासारखे.

यंत्रणा हुकूम देत नाही, फार सभ्य आहे.
खाली उजव्या कोपऱ्यात नुसतं विचारते :
ही फेरी रद्द केल्यास वर्षाला इतकी बचत.
पुढे जायचं?

मी, सुलक्षा मांद्रेकर, सहायक अधीक्षक.
“पुढे” म्हणण्यासाठीच मला पगार मिळतो.
आणि ही यंत्रणा मीच मागितली होती,
दोन वर्षं पणजीला फायली वाहिल्या,
वरिष्ठांना म्हटलं, किती दिवस चालायचं
अंदाजपंचे दाहोदरसे?

गुरुवारी कायतान आला, रजेचा अर्ज घेऊन.
सव्वीस वर्षांचा खलाशी, खुर्चीत कधी बसत नाही.
“अकरांची बंद करतात म्हणे?”
“कोणी नसतंच ना तिच्यात.”
तो माझ्याकडे बघत राहिला.
मग टेबलाच्या कडेवर आडवी बोटं ठेवून म्हणाला,
“काळ्या पट्ट्येमेरेन बसता बाय ती, उदकांत.”

तेव्हा उमगलं. पायी येणाऱ्याला तिकीट नाही.
स्कूटरला नाही.
तिकीट नाही म्हणून नोंद नाही,
नोंद नाही म्हणून रकाना मोकळा,
आणि मोकळ्या रकान्यात कुणीतरी शिस्तीनं
शून्य भरून ठेवलेलं,
बेरीज अडू नये म्हणून.

त्या रात्री गेले.
कॅसिनोत पत्ते वाटणारी पोरगी, बूट हातात.
बांबोळीच्या हॉस्पिटलातला वॉर्डबॉय, उभ्यानंच पेंगणारा.
फिलोमेना, लग्नाच्या जेवणावळीतून उरलेल्या
सोरपोतेलचं भांडं कडेवर, मुलासारखं.
एकेचाळीस माणसं, सतरा स्कूटर, एक शेळी.
सरकारजमा : काही नाही.
रॅम्प उचलला आणि कायतानानं टॉर्च मारला
बोटीच्या कुशीवर, पट्टी बुडाली होती.

पाणी तिकीट मागत नाही,
पण वजन घेतल्याशिवाय
कुणाला पलीकडे नेत नाही.

आता तो दर फेरीला पट्टी वाचतो.
एक बोट, चार बोटं, वीत.
पुरवठादार म्हणतो, नवा रकाना म्हणजे नवी निविदा,
तोवर “शेरा” या चौकोनात मी बोटं भरते,
तो चौकोन आजवर कुणी उघडलाच नव्हता.
तीन महिन्यांनी आलेख काढला.
खोटं कशाला बोलू, देखणा आला.
अकरा-दहा उंच, मध्यरात्रीच्या भरतीसारखी,
आणि दुपारची दोन-चाळीस,
जिच्यावर कुणाचा संशय नव्हता,
तिची पट्टी खरंच कोरडी.

दोन-चाळीस रद्द केली. माझ्या सहीनं.
आकडे खरे होते, बोटं खरी होती,
कायताननंही मान हलवली.

तरी पहिल्या सोमवारी धक्क्यावर जाऊन उभी राहिले.
नव्या वेळापत्रकाखाली एक बाई,
मांडीवर शिलाई मशीनचं डोकं, फडक्यात गुंडाळलेलं,
दुरुस्तीला निघालेली.
किती वाजता आहे पुढची, तिनं विचारलं.
सांगितलं.
ती काही बोलली नाही. सरकून मला जागा दिली.

पुढची येईपर्यंत बसलो दोघी.
मी मनात मोजत होते,
ती, आणि ते लोखंडी डोकं,
दोन्ही मिळून किती भरेल.
अर्धं बोटही नाही.